प्रोबेशनचा बाँड मोडल्याचं समन्स आलं, तर वकील कसा गाठायचा

फौजदारी कोर्टात बेंच क्लार्क म्हणून आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर अमळनेरला घरीच असतो, पण कोर्टाचा कागद आला की गल्लीतले, गावाकडचे, नात्यातले लोक अजून माझ्याच ओट्यावर येतात. ‘नाना, पोऱ्याले वारंट उनं, आते काय करू?’ त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला, वकील किती घेईल? मी दोन्ही प्रश्न बाजूला ठेवतो आणि म्हणतो, आधी बाँडचा कागद दाखव.

प्रोबेशन मोडल्याच्या आरोपात वकील शोधणं आणि नव्या केससाठी वकील शोधणं, यात फरक आहे. नव्या केसमध्ये गुन्हा केला की नाही यावर वर्षानुवर्षं तारखा पडतात. इथे गुन्हा शाबित झालेला असतो. कोर्टाने दोषी धरलेलं असतं, फक्त शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलेलं असतं. आता प्रश्न एवढाच उरतो की बाँडची अट मोडली का, आणि मोडली असेल तर कोर्टाने काय करावं. हे काम एक-दोन तारखांतही निकाली निघू शकतं. त्यामुळे ‘जाऊ द्या, पुढच्या तारखेला बघू’ म्हणणारा वकील इथे परवडत नाही, आणि तारीख उजाडल्यावर वकील शोधायला निघणारा पक्षकारही नाही.

कागद कोणता आहे ते आधी बघा

आपल्याकडे ‘बाँड’ म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. गणपतीच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर पोलीस पाठवतात आणि तहसीलदार नाहीतर प्रांतांपुढे शांततेचा जो बाँड लिहून द्यावा लागतो, ती चॅप्टर केस. जुन्या कायद्यात तिची कलमं १०७ आणि ११० होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १२६ आणि १२९ झाली. दुसरी गोष्ट म्हणजे जामिनावर सुटताना घातलेली पोलीस ठाण्याची हजेरी. तिथे खटला अजून चालायचा असतो, दोष ठरलेला नसतो. आणि तिसरं खरं प्रोबेशन. त्या आदेशावर १९५८ च्या परिवीक्षा, म्हणजेच प्रोबेशनच्या, कायद्याचं नाव आणि कलम ४ असतं, बाँडची मुदत असते (जास्तीत जास्त तीन वर्षं) आणि बहुतेक वेळा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीचा आदेश जोडलेला असतो.

तिन्हींची जागा वेगळी, वकील वेगळा, उपाय वेगळा. चॅप्टरचं काम तहसील किंवा प्रांत कार्यालयात, हजेरीचं काम जिथे जामीन झाला त्या कोर्टात. प्रोबेशनचं काम ज्या कोर्टाने सोडलं त्या कोर्टात. चॅप्टरची नोटीस घेऊन दिवसभर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट बघत बसलेली माणसं मी नोकरीत कितीतरी पाहिली. संध्याकाळी पट्टेवाला सांगायचा, बाबा, तुझं काम इथे नाहीच.

एक बारीक गोष्ट. काही आदेश परिवीक्षा कायद्याखाली नसून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६० खाली, आता नव्या संहितेच्या ४०१ खाली असतात. दिसायला दोन्ही सारखेच. पण पुढे जी पन्नास रुपयांची वाट सांगणार आहे, ती त्या कलमात नाही. म्हणून आदेशावरचं कलम वाचायला वकिलाला पहिल्याच भेटीत लावा.

कागद हरवला असेल तर? कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे देखरेखीच्या आदेशाची एक प्रत आरोपीला, एक जामीनदाराला आणि एक परिवीक्षा अधिकाऱ्याला द्यावी लागते. म्हणजे पोराकडे नसली तरी जामीनदार राहिलेल्या बापाकडे किंवा काकाकडे असायला हवी. खेड्यात हे कागद कुठे असतात ते मला पाठ आहे. पत्र्याच्या पेटीत, खताच्या दुकानाच्या पिशवीत, सातबारा, पीक विम्याची पावती आणि रेशनकार्ड यांच्यामध्ये. इतक्या वेळा घडी घातलेला असतो की घडीवरच फाटतो, आणि वाचायची अट नेमकी त्या फाट्यावर असते. अशा वेळी चिकटपट्टी लावत बसू नका. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज देऊन सही-शिक्क्याची नक्कल काढा. केस नंबर माहीत नसेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर तालुका कोर्ट निवडून आरोपीच्या नावाने शोधा. सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मिळाला की केसची पुढची तारीखही त्यातच दिसते.

कलम ९ तुम्हालाही माहीत हवं

परिवीक्षा कायद्याचं कलम ९ म्हणजे बाँड मोडल्यावर काय होतं त्याचं कलम. ते मी सोप्या भाषेत सांगतो, कारण वकिलाशी बोलताना याच्यावरच बोलायचंय.

परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आला किंवा दुसरीकडून कळलं की अट मोडली गेलीय, तर कोर्ट आरोपीला समन्स किंवा वॉरंट काढू शकतं, आणि जामीनदारांनाही समन्स काढू शकतं. आरोपी समोर आला की सुनावणी होईपर्यंत त्याला कोठडीत ठेवायचं की जामिनावर सोडायचं, हे कोर्ट ठरवतं. सुनावणीनंतर अट मोडल्याची खात्री पटली, तर दोन वाटा आहेत. एक, मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावणं. दोन, अट मोडायची पहिलीच वेळ असेल तर बाँड तसाच चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करणं. हो, पन्नासच. कायदा अठ्ठावन्न सालचा आहे.

मूळ गुन्ह्याच्या कलमाप्रमाणे तुरुंगवास एकीकडे आणि चहा-नाश्त्याच्या बिलाएवढा दंड दुसरीकडे. या दोन टोकांमध्ये कोर्टाला मोकळीक आहे, आणि वकिलाचं खरं काम तिथेच आहे. अट मोडलीच नाही हे दाखवणं, किंवा मोडली तर का मोडली हे कागदानिशी दाखवून कोर्टाला दुसऱ्या वाटेकडे आणणं. ‘पहिलीच वेळ’ हे दोन शब्द अर्जात आले पाहिजेत. ते न लिहिलेले अर्जही मी फायलीला लावलेले आहेत.

फुकट वकील कोणाला मिळतो

आपल्याकडे लोकांना वाटतं, सरकारी वकील म्हणजे गरिबाला मिळणारा वकील. तसं नाही. सरकारी वकील सरकारच्या बाजूने उभा राहतो, म्हणजे या कामात तुमच्या समोर. तुम्हाला मिळतो तो विधी सेवेचा वकील. जळगाव, धुळे आणि नंदुरबारला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. जिल्ह्याचे सचिव हे स्वतः न्यायिक अधिकारी असतात. १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे.

पात्रता १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. बाई असेल तर उत्पन्न कितीही असो, वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या, शिरपूर-साक्रीच्या पट्ट्यातल्या, चोपडा-यावलच्या सातपुड्याकडच्या बहुसंख्य आदिवासी कुटुंबांना हा हक्क आपोआप आहे. दिव्यांगांना आहे, औद्योगिक कामगारांना आहे, आणि जो कोठडीत आहे त्याला आहे, मग त्याचा बंगला का असेना. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आतलं उत्पन्न लागतं.

अर्जाला आधार, जातीचा दाखला असेल तर तो, समन्स किंवा वॉरंटची प्रत आणि बाँड जोडा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यामागे आठवडा घालवू नका. उत्पन्नाबद्दल प्रतिज्ञापत्र दिलं तरी ते पुरेसं धरता येतं, हे त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. टेबलावरचा माणूस ‘दाखला आणा’ म्हणाला, तर शांतपणे सांगायचं, साहेब, प्रतिज्ञापत्र जोडतो, तारीख जवळ आहे. तारीख जवळ आहे हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा. अर्जांच्या गठ्ठ्यात वरच्या ओळीच वाचल्या जातात.

विधी सेवेच्या वकिलाने तुमच्याकडून फी घ्यायची नसते. ‘टायपिंगचे द्या, साहेबांना चहापाण्याचे द्या’ असं कोणी म्हटलं, तर सचिवांकडे लेखी तक्रार करता येते आणि वकील बदलून मागता येतो. फुकटचा वकील बेकार, हे मात्र मी ऐकून घेत नाही. मन लावून काम करणारे पॅनलचे तरुण वकील मी पाहिलेत, आणि फी घेऊन तारखेला गैरहजर राहणारेही. अनेक जिल्ह्यांत आता विधी सेवेने पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालयं सुरू केली आहेत. तुमच्या जिल्ह्यात असेल, तर फौजदारी काम त्यांच्याकडेच मागा.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या लोकांनी एक गोष्ट अर्जात आवर्जून लिहावी. पावरी किंवा भिलोरी समजणारा वकील हवा. देखरेखीचा आदेश करताना अटी आरोपीला समजावून सांगाव्यात असं कायदाच म्हणतो. ज्याला मराठी जेमतेम कळते त्याला इंग्रजी बाँडवर अंगठा लावून घरी पाठवलं असेल, तर अट समजलीच नव्हती हा मुद्दा खरा आहे. पण तो मांडायला आरोपीशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस लागतो.

पैसे देऊन वकील लावायचा असेल तर

ज्या कोर्टाने सोडलं त्याच कोर्टात रोज बसणारा वकील बघा. चोपड्याच्या कामासाठी जळगावचा नावाजलेला वकील लावला, की तो ज्युनिअरला पाठवतो, ज्युनिअर मुदत मागतो. मात्र प्रोबेशन अपिलात सत्र न्यायालयाने दिलं असेल, तर आदेश बघून मगच ठरवा, कारण मग काम तिकडचं असू शकतं.

पहिल्या भेटीत दोन-तीन प्रश्न विचारायला लाजू नका. परिवीक्षा कायद्याच्या कलम ९ खाली काम चालवलंय का? परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल कोर्टातून मागवून कधी वाचणार? वॉरंट असेल तर आरोपीला कोणत्या दिवशी हजर करायचं? ‘चालवलं नाही, पण बघून घेतो’ असं सरळ म्हणणारा वकील चालेल. अशी कामं रोज येत नाहीत, कायदा एकोणीस कलमांचा आहे, एका रात्रीत वाचून होतो. न वाचताच ‘काही टेन्शन घेऊ नका, जजसाहेब आपले आहेत’ म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून मात्र चप्पल घालून निघा. कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ‘सेटिंग’ करून देणारे तर असतातच. त्यांनी घेतलेला पैसा ना वकिलाला पोचतो ना कोर्टाला, पोचायचा प्रश्नच नसतो, आणि तारखेच्या दिवशी फोन बंद.

फी ठरवताना पूर्ण कामाची ठरवा, तारखेगणिक नको. वकीलपत्रावर सही करताना कोरी जागा सोडू नका. जुना वकील अजून वकीलपत्रावर असेल, तर नव्याला आधी त्याची ना-हरकत घ्यावी लागते, म्हणून जुन्याशी भांडून जाऊ नका. मूळ खटल्याची फाईलही त्याच्याच कपाटात असते.

वॉरंट निघालंय, आणि पोरगा सुरतला आहे

खानदेशात ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की तिच्यावर जरा जास्त लिहितो. बांधावरून मारामारी झाली, काठी-कुऱ्हाड निघाली, खटला झाला, पोरगा दोषी ठरला. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने बाँडवर सोडलं. अटी अशा की ठरलेल्या गावी राहायचं, परिवीक्षा अधिकाऱ्याकडे हजर व्हायचं, दारू प्यायची नाही. दिवाळी झाली, शेतात काम नाही. पोरगा भुसावळ-सुरत गाडीत बसला आणि उधना-लिंबायतला मामाच्या खोलीवर जाऊन यंत्रमागावर कामाला लागला. नाहीतर मुकादमाची उचल घेऊन बायको-पोरांसकट बारडोलीकडे ऊसतोडीला गेला. इकडे हजेऱ्या चुकल्या. अधिकाऱ्याने अहवाल पाठवला. समन्स गावी आलं. नव्या संहितेत कलम ६६ प्रमाणे घरातल्या कोणत्याही प्रौढ माणसाकडे समन्स देता येतं, जुन्या कायद्यात प्रौढ पुरुषाकडेच द्यावं लागायचं. आजीने ते घेतलं आणि देवाच्या फोटोमागे ठेवून दिलं. तारखेला कोणी नाही, म्हणून वॉरंट.

अशा वेळी फोनवर सगळे सल्ला देतात, येऊ नको, तिकडेच राहा. हा सल्ला जेलमध्ये नेतो. बाँड मोडल्याचा आरोप आधीच आहे, त्यात फरार राहिल्याचं दिसलं की पन्नास रुपयांची वाट बंद होत जाते. त्याला बोलवा. पण आला की थेट पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात एकटा पाठवू नका. आधी वकील ठरवा, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज आणि जामिनाचा अर्ज तयार ठेवा, जामीनदार सातबाऱ्याचा ताजा उतारा आणि आधार घेऊन सोबत असू द्या. मग स्वतःहून हजर व्हा. आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी कोर्ट बसायच्या आधी या. शनिवार-रविवारला लागून दुपारी चारला हजर झालं आणि जामीनदाराच्या कागदात एक शिक्का कमी निघाला, तर सोमवारपर्यंत आत. स्वतःहून आला आणि पोलिसांनी धरून आणला, यातला फरक प्रत्येक न्यायाधीश बघतो. माझ्यासमोर बसलेल्या सगळ्यांनी बघितला.

धरलाच तर? अटकेचं कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे न्यावं लागतं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात विधी सेवेचा रिमांड वकील असतो. घरून वकील पोचला नसेल तर आरोपीने स्वतः बोलायचं, ‘साहेब, मला विधी सेवेचा वकील द्या.’ एवढं एक वाक्य पोरांना आधीच पाठ करून ठेवा. जळगाव किंवा धुळ्याच्या कारागृहात गेला असेल, तर तुरुंग अधिकाऱ्यांमार्फतही विधी सेवेचा अर्ज जातो.

वकिलाकडे काय घेऊन जायचं

‘नाना, त्याने मुद्दाम केलं नाही’ हे मला पटतं. कोर्टाला कागद लागतो. ऊसतोडीला गेला असेल, तर मुकादमाची चिठ्ठी, उचलीचा हिशेब, कारखान्याची स्लिप. सुरतला असेल, तर पगाराची पावती, खोलीभाड्याचा कागद. आजारी असेल, तर दवाखान्याचे केसपेपर आणि औषधांची बिलं, मागाहून लिहून आणलेलं सर्टिफिकेट नको. धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला हजेरीला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, पावसाळ्यात रस्ताच बंद असतो, हेही कारण आहे. त्यासाठी ग्रामपंचायतीचा दाखला घ्या. ज्या हजेऱ्या झाल्या त्यांच्या तारखा लिहून काढा. बारा हजेऱ्यांना गेला आणि तीन चुकल्या, तर बाराचं बोलणं वकिलाने आधी केलं पाहिजे. चुकल्यानंतर अधिकाऱ्याला फोन केला असेल, तर मोबाईलमधली ती नोंद पुसू नका. भरपाई भरायची राहिली असा आरोप असेल, तर जेवढी भरली तेवढ्याच्या पावत्या आणि उरलेली हप्त्याने भरायची तयारी, दोन्ही घेऊन जा.

परिवीक्षा अधिकाऱ्याशी भांडण काढू नका. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाचे असतात, पोलीस नव्हेत. कायद्याने त्यांचं काम नजर ठेवण्याचंही आहे आणि मदत करण्याचंही. आणखी महत्त्वाचं, कलम ८ प्रमाणे बाँडच्या अटी बदलायचा अर्ज त्यांनीच कोर्टात करायचा असतो. सहा महिने सुरतला काम आहे, तिकडचा पत्ता घ्या, हजेरीचं वेगळं ठरवा, असं जाण्याआधी त्यांना लेखी दिलं असतं, तर निम्म्या घरांत वॉरंट आलंच नसतं. समन्स आल्यावरही वकिलाने त्यांना भेटून हा अर्ज करायची विनंती करता येते. मात्र आरोपीने एकट्याने जाऊन ‘हो साहेब, चूक झाली’ असं कोऱ्या कागदावर लिहून देऊ नये. जे द्यायचं ते वकिलाने वाचलेलं असावं.

नवा गुन्हा दाखल झालाय म्हणून बाँड मोडला, असा आरोप असेल, तर काम नाजूक होतं. गुन्हा दाखल होणं म्हणजे शाबित होणं नव्हे, हे वकील मांडेल. पण नव्या केसचा वकील एक आणि प्रोबेशनचा दुसरा असेल, तर दोघांना एकत्र बसवा. इथे माफी मागताना म्हटलेलं वाक्य तिकडे गळ्यात येऊ शकतं. गावात भावकीचं वैर असलं की नवीन तक्रारी मुद्दाम होतात, हेही खरं. पण ते ‘सगळ्या गावाला माहीत आहे’ म्हणून भागत नाही, आधीच्या तक्रारींच्या तारखा काढून द्या.

जामीनदार बापाने काय करायचं

जामीनदारालाही समन्स येतं, आणि तो घाबरून पोराआधी गायब होतो. पण त्याने कोर्टात गेलंच पाहिजे. बाँडची रक्कम वसूल व्हायची वेळ आली, तर आधी त्याला म्हणणं मांडायची संधी मिळते. त्याने पोराला शोधायला काय केलं, कोणाला फोन केले, अधिकाऱ्याला कळवलं का, हे सांगायचं. काका जामीनदार असेल आणि त्याचं म्हणणं पोराच्या विरोधात जाणारं असेल, तर एकच वकील दोघांसाठी उभा राहू नये. हे नात्यात बोलायला जड जातं, म्हणून वकिलालाच बोलू द्या.

निकाल विरुद्ध गेला तर

कोर्टाने मूळ शिक्षा सुनावली, तर त्याच दिवशी नक्कल मागा आणि शिक्षा स्थगित करून जामीन मिळण्याचा अर्ज वकिलाने लगेच करावा. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवसांची असते, नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. त्यापुढे उच्च न्यायालय म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हींसाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. तिथेही विधी सेवा समितीमार्फत फुकट वकील मिळतो, मुंबईला जायची गरज नाही.

पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणाऱ्या पोरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. प्रोबेशनवर सुटलेल्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही, असं कलम १२ म्हणतं. दोष पुसला जात नाही, भरतीच्या फॉर्ममध्ये विचारलं तर लपवायचाही नाही. पण बाँड मोडला म्हणून नंतर मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली, तर कलम १२ चं ते संरक्षणही जातं. म्हणून ‘दोन महिने आत बसून येतो, झंझट मिटेल’ म्हणणाऱ्या पोराला वकिलासमोर बसवून हे कलम वाचून दाखवा. मी दाखवलंय. बहुतेक जण बसल्या जागी विचार बदलतात.

आणि पन्नास रुपयांवर निभावलं, तर तो दंड कोर्टाने दिलेल्या मुदतीत भरा. रक्कम किरकोळ म्हणून ‘उद्या भरू’ करत राहिलं आणि मुदत गेली, तर कलम ९ खालीच कोर्ट मूळ शिक्षा सुनावू शकतं. शक्यतो त्याच दिवशी कोर्टात भरा, पावतीवर केस नंबर बरोबर पडलाय का ते खिडकीवरच बघा. एक झेरॉक्स वकिलाला, एक परिवीक्षा अधिकाऱ्याला द्या, मूळ पावती बाँडसोबत ठेवा. बाँड अजून चालू आहे, त्यामुळे पुढच्या हजेरीची तारीख तिथेच अधिकाऱ्याला विचारून त्या झेरॉक्सच्या मागे लिहून घ्या.